चौदावी सही

आमच्या ब्लॉकच्या गच्चीवर एक सिनेमा तयार झाला आहे आणि त्याची सगळी कागदपत्रं माझ्याकडे फाइलला लावलेली आहेत. सिनेमा बारा मिनिटांचा आहे. फाइल बघायला त्याहून जास्त वेळ लागतो.

सिनेमा केला माझ्या मुलीने. केतकी रायपूरला कॉलेजात शिकते. माझी मोठी बहीण, कुसुमताई, दर एप्रिलमध्ये नंदिनी नगरहून आमच्याकडे आठ दिवस येते आणि ब्लॉकमधल्या बायकांना हाताशी धरून गच्चीवर कुरडया घालते. (नंदिनीतही गच्ची आहे, पण ताईच्या मते कुरडईला ऊन भिलाईचंच लागतं.) केतकीने या सगळ्याचं मोबाइलवर शूटिंग केलं: गव्हाचा चीक शिजतोय, सोऱ्या फिरतोय, बायका नवऱ्यांची उणीदुणी काढतायत, चादरींवर पांढरी चक्रं उमटतायत. बाहेरगावच्या एका लघुपट महोत्सवाला तिने हे पाठवलं आणि ते चक्क निवडलं गेलं. फक्त एक अट होती. सिनेमात ओळखू येतील अशा सर्व व्यक्तींचं लेखी संमतिपत्र पुढच्या शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत पाठवायचं, नाहीतर सिनेमा बाद. हे कळलं तो गुरुवार होता. म्हणजे हातात आठ दिवस.

केतकीने चार ओळींचा फॉर्म केला. 'या लघुपटात मी दिसते किंवा माझा आवाज आहे. तो लोकांना दाखवायला माझी हरकत नाही. नाव. सही.'

मी भिलाईच्या पोलाद प्लांटमध्ये इन्स्पेक्शन विभागात आहे. एकतीस वर्षं मी माल तपासून पास करतो आहे. असला फॉर्म मी खिळ्याच्या पेटीलाही पास केला नसता.

"हे कायद्यात बसणार नाही," मी म्हणालो.

"पप्पा, त्यांनीच नमुना दिला आहे. बस इतना ही चाहिए."

"तू अभ्यास कर. कागदाचं मी पाहतो."

केतकीने आईकडे पाहिलं. सुनंदाने छताकडे पाहिलं. आमच्या घरात मी एखादं काम अंगावर घेतलं की या दोन पाहण्या होतातच.

सगळ्यात आधी मी माणसं मोजली. सिनेमा अकरा वेळा पाहिला, जागोजागी थांबवून. ताई आणि सुनंदा धरून बायका नऊ. जिन्यात सागरगोटे खेळणाऱ्या मुली दोन. गॅसचं सिलिंडर खांद्यावर घेतलेला माणूस एक. खाली रस्त्यावरून जाणाऱ्या भंगारवाल्याच्या भोंग्यातला आवाज एक. आणि एक पाठ.

ही पाठ महत्त्वाची आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. आठव्या मिनिटाला बनियन घातलेला, खांद्यावर टॉवेल टाकलेला एक इसम कॅमेऱ्याकडे पाठ करून उलट्या पावलांनी मागे मागे येतो. उजव्या हाताचं बोट हवेत नाचवत असतो. मागे दुसरी चादर पसरलेली आहे याचा त्याला पत्ता नसतो. त्याची टाच कुरडयांवर पडते. मग दुसरी टाच पडते. आणि हा गृहस्थ तसाच निघून जातो!

मला हे बघून केवढं समाधान वाटलं म्हणून सांगू. कारण त्या दिवशी दुपारी गच्चीवर दोनशे बारा कुरडया होत्या. मी स्वतः मोजल्या होत्या. संध्याकाळी उतरवताना दोनशे पाच भरल्या. सात कमी, आणि चादरीच्या कडेला चुरा. मी तेव्हाच चौकशी मागितली होती. माझा संशय शेजारच्या पांडेजींवर होता, कारण ते रोज बनियनवर पाण्याची टाकी पाहायला वर जातात. पण पुरावा नव्हता. आता मिळाला. डोक्याच्या मागे वाटीएवढं टक्कल होतं. बोट का नाचतंय, तेही उघड होतं. पांडेजी येताजाता जप करतात.

"पण पाठीची सही कायले पाह्यजे?" सुनंदाने विचारलं. "पाठ कोन ओळखते?"

"का नाही? ज्याची पाठ आहे त्याची बायको नक्की ओळखेल."

सुनंदा काहीतरी बोलणार होती. मग म्हणाली, "चहा ठेवते," आणि आत गेली.

मग मी फॉर्म सुधारला. चार ओळींचे अकरा मुद्दे झाले, दोन पानं. सातवा मुद्दा असा होता की, 'माझ्या मृत्यूनंतरही ही संमती माझ्या वारसांवर बंधनकारक राहील.' यात चूक काय, हे मला अजून कळलेलं नाही. पण खालच्या मजल्यावरच्या सिंधूबाईंनी तिथवर वाचलं आणि चष्मा काढला.

"भाऊ, मले काय झालं आहे?"

"तुम्हाला काही झालं नाही वहिनी."

"मंग हे मेल्यावरचं कावून लिहिलं? डॉक्टर काही बोलला का यायच्यापाशी?" ('यायच्यापाशी' म्हणजे त्यांच्या यजमानांपाशी. ते त्या आठवड्यात रिपोर्ट आणायला गेले होते.)

"नाही हो. फक्त सही करा, फॉर्म्यालिटी आहे."

त्यांनी सही केली नाही. वरच्या साहूभाभींनी तर कागद हातातही घेतला नाही. "भैया, हमारे ये बोले हैं, बिना पढ़े साइन मत करना. और पढ़ने के बाद तो बिल्कुल मत करना." रविवारपर्यंत अशी स्थिती झाली की, ज्या बायका गच्चीवर चार दिवस कॅमेऱ्यासमोर खुशाल बसल्या होत्या, त्या मी जिना चढताना दिसलो की दारं लावून घेऊ लागल्या. गॅसवाल्याने सिलिंडर फाटकाशीच ठेवायला सुरुवात केली. सह्या शून्य.

मी म्हटलं, बायकांचं नंतर पाहू, आधी अवघड माल काढू. सोमवारी सुट्टी टाकली आणि भंगारवाल्याला गाठलं. तीन रस्ते त्याच्या मागे स्कूटर चालवली. तो 'लोहा, टीना, पुराना कूलर' करत पुढे, मी हॉर्न वाजवत मागे. शेवटी तो थांबला. मी त्याला सगळे अकरा मुद्दे समजावून सांगितले. त्याने शांतपणे ऐकले.

"ये मोर आवाज नोहे साहब," तो म्हणाला. "टेप ए. मोर साला के आवाज ए. उतई म रहिथे."

मी उतई गावाला गेलो. मेव्हणा सापडला, सायकल दुरुस्तीच्या दुकानात. मी त्याला मोबाइलवर तेवढा भाग ऐकवला. त्याचा चेहरा उतरला.

"सर, ये मत डालिए. उस टाइम मेरे को सर्दी थी. मैं अभी फिर से बोल देता हूँ, अच्छे से."

"नहीं भाई, जो है वही चाहिए. आप साइन कर दो."

"सर्दीवाले पे साइन नहीं करूँगा सर. मेरा नाम खराब होगा."

त्याने दुकानात उभं राहून मला तीन वेळा नव्याने म्हणून दाखवलं. तिसरं खरोखर चांगलं होतं. सही मात्र नाही ती नाहीच.

संध्याकाळी पांडेजींकडे गेलो. पुरावा असल्यामुळे मी शांत होतो. त्यांना आठवं मिनिट दाखवलं.

"ये मैं नहीं हूँ," पांडेजी म्हणाले.

"पांडेजी, सात कुरडया गेल्या त्याचं मी काही म्हणत नाही. फक्त सही करा."

"अरे भाई, मैं अपनी पीठ नहीं पहचानूँगा?"

"स्वतःची पाठ कोणी पाहिलेली असते का?" मी विचारलं. या मुद्द्यावर त्यांनी दार लावलं.

आता घरात केतकी माझ्याशी बोलेनाशी झाली. आतल्या खोलीतून तिचा मैत्रिणीशी चाललेला फोन तेवढा ऐकू येई. "नहीं यार, पप्पा कर रहे हैं ना… हाँ, इसीलिए तो नहीं हो रहा."

बुधवारी मी ठरवलं की निदान ताईची सही पक्की करायची. बारापैकी नऊ मिनिटं ताईच दिसते. ती गेली तर सिनेमात उरतात कुरडया, भोंगा आणि पाठ. म्हणून तिच्यासाठी साधा कागद नको, स्टॅम्प पेपर हवा. दुर्गला कचेरीसमोर झाडाखाली टायपिस्ट बसतात, त्यांच्यातल्या एकाला सगळं सांगितलं.

"मतलब हक छोड़ना है," तो म्हणाला.

"हो, तसंच."

"किसके फेवर में? आप भाई हैं? वो बहन है? तो फॉर्मेट रेडी है."

त्याने तयार नमुना काढला आणि 'खेत' होतं तिथे 'चेहरा' टाकला. पाच मिनिटांत काम झालं. मी तीन वेळा वाचलं, शुद्धलेखन तपासलं. चतुःसीमेचा रकाना तेवढा रिकामा राहिला होता. म्हटलं, राहू दे. गुरुवारी सकाळी नंदिनीला पोचलो.

ताई व्हरांड्यात चिंच फोडत बसली होती. तिने हात पुसले, चष्मा लावला आणि मोठ्याने वाचायला लागली. "'मैं अपनी राजीखुशी से, बिना किसी दबाव के, अपने चेहरे पर से समस्त हक भाई के पक्ष में त्याग करती हूँ…' अन् हे काय? चतुःसीमा? माझ्या तोंडाच्या पूर्वेला कोन राह्यते रे?"

"तो रकाना सोडून दे ताई. फक्त सही कर, फॉर्म्यालिटी आहे."

ताईने चष्मा काढला. माझ्याकडे पाहिलं नाही. चिंचेकडे पाहत म्हणाली, "हा कागद मी पाह्यला आहे, दिलीप."

"हा कालच टाइप केला आहे."

"बावीस वर्षं झाली. बाबा गेल्यावर. मी पोळ्या लाटून राहिली होती. तू फाइल घेऊन आला अन् हेच बोलला. फक्त सही कर ताई, फॉर्म्यालिटी आहे. माझे हात पिठाचे होते. पदराले पुसले अन् केली."

तुमसरकडच्या आमच्या शेतातला हिस्सा तिने सोडला, तो कागद. आमच्याकडे बहिणी सोडतातच, असं धरून सगळे भाऊ तो कागद तयार ठेवतात. मीही ठेवला होता.

"ते रीतसर झालं होतं ताई. तलाठ्यासमोर."

"रीतसरच झालं. साडी बी देल्ली तू. हिरवी. पयल्याच धुण्यात तिनं माझे पाच कपडे हिरवे केले."

ताईने एक चिंच फोडली.

"वावर मले नकोच होतं. तू तोंडानं मागतलं असतं तं तसंच देल्लं असतं. पन बांधावरचा तो आंबा. लहानपनी त्याच्यावर मी चढे, तू खाली उभा राहून रडे. त्या झाडाचा एक आंबा बावीस वर्षांत माझ्या घरी नाही आला. तू आनतो नं दरसाल?"

"आणतो."

"किती?"

"म्हणजे… पोतंभर."

"मोजत नाही?"

मी गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडया मोजतो. जिन्याच्या पायऱ्या मोजतो. पण आंबे मी मोजले नव्हते. मोजले की वाटे पडतात, हे मला कुठेतरी माहीत असावं.

"केतकीचं काम अडते म्हनून सही करीन," ताई म्हणाली. "पन पोरीच्या कागदावर, तुह्या नाही. अन् आधी मले सिनेमा दाखव."

"कोणता सिनेमा?"

"ज्याच्यात मी आहे तो. मले कोनी दाखवला नाही."

परत येताना मी हिशोब केला. सिनेमा मी अकरा वेळा पाहिला होता. ज्यांच्या सह्या मागत फिरत होतो, त्या माणसांनी मिळून शून्य वेळा. माझ्या फाइलमध्ये त्याचा रकानाच नव्हता.

शुक्रवारी दुपारी चार वाजता आमच्या हॉलमध्ये सिनेमा लागला. केतकीने घरोघर जाऊन बोलावलं होतं, म्हणून सगळे आले. ताई सकाळच्याच बसने आली होती. सुनंदाने परातभर कुरडया तळल्या. गॅसवाला दाराशी उभा राहिला. उतईचा मेव्हणासुद्धा मफलर गुंडाळून आला. पांडेजी सर्वांत पुढे बसले. हाताची घडी घालून.

पहिली सात मिनिटं फार आनंदात गेली. स्वतःला पाहून बायका इतक्या हसल्या की सिंधूबाईंना पाणी द्यावं लागलं. "मी एवढी बोलते का?" साहूभाभींनी हिंदीत विचारलं आणि सगळ्यांनी एकदम "हाँ" म्हटलं. भोंग्याचा आवाज आल्यावर मेव्हण्याने डोळे मिटले. "देखा? नाक से आ रहा है." पण शेजारच्या मुलीने टाळी वाजवली आणि त्याचा मफलर जरा सैल झाला.

मग आठवं मिनिट आलं. पाठ आली. बोट नाचलं, टाच पडली.

"रोकिए," पांडेजी उठून म्हणाले. केतकीने चित्र थांबवलं. "दिलीपजी, ज़रा इधर आइए. टीवी के बगल में. अब घूम जाइए."

मी फिरलो. पांडेजींचा संशय दूर व्हावा म्हणूनच फिरलो. माझ्या आयुष्यात माझ्याकडे एवढ्या लक्षपूर्वक कोणी पाहिलं नसेल, आणि मला ते दिसत नव्हतं.

"हा तं आमचा दिलीपच आहे," ताई म्हणाली.

"शक्य नाही. मला टक्कल नाही."

"समोरून नाही," सुनंदा म्हणाली. "मागून आहे. दहा वर्षं झाली. माझ्या डोळ्यांदेखत वाढलं ते."

"मी त्या दिवशी वर गेलो होतो हे खरं आहे. पण मी कुरडया मोजायला गेलो होतो!"

हे वाक्य तोंडातून गेलं आणि मग मलाच ऐकू आलं. जप नव्हता. बोट मोजत होतं. एक चादर मोजून झाली होती, दुसरी मोजता मोजता मी मागे सरकत होतो. दोनशे बारा भरल्या तेव्हा माझी टाच पहिल्या चादरीवर होती.

"तू मला सांगितलं का नाही?" मी सुनंदाला विचारलं.

"तुम्ही इचारलं कुठं? तुम्ही तं पांडेजींची चौकशी करून राहिले होते."

पांडेजींनी परातीतून एक मोठी कुरडई घेतली आणि सावकाश, आवाज करत खाल्ली.

हसणं ओसरल्यावर केतकीने तिचे चार ओळींचे फॉर्म वाटले. दहा मिनिटांत सह्या झाल्या. ताईची, सुनंदाची, सिंधूबाईंची, साहूभाभींची, बाकी सगळ्यांची. मुलींच्या फॉर्मवर त्यांच्या आयांनी केल्या. मेव्हण्यानेही केली, 'उस समय सर्दी थी' अशी टीप देऊन. तेरा झाल्या. मी एकेक घेऊन वाचत होतो, तारखा तपासत होतो, फाइलला लावत होतो. चौदावा राहिला होता माझा.

"तेवढा शॉट काढून टाक," मी केतकीला हळूच म्हणालो.

"पप्पा, वो नहीं कट सकता. सिलेक्शनवाल्यांनी त्याचंच तं लिहिलं आहे. मोजणारा माणूस फार सुंदर, त्याला विचारा, अभिनय कुठं शिकला."

"मग मी संमती देत नाही."

चार वाजून चाळीस मिनिटं झाली होती. आठ दिवस मी लोकांच्या दारांत उभं राहून, सही न करणाऱ्यांचं काय करावं, असं म्हणत होतो. आता अख्ख्या भिलाईत सही न करणारा मी एकटा उरलो होतो. केतकीच्या डोळ्यांत पाणी आलं. लहानपणी आलं की मी लगेच उचलून घ्यायचो.

ताई उठली. केतकीकडून तो फॉर्म घेतला, पांडेजींना खूण करून आत स्वयंपाकघरात गेली, मिनिटभराने आली आणि पेनासकट माझ्यासमोर धरला. माझे हात कुरडईच्या तेलाचे होते.

"फक्त सही कर दिलीप," ती म्हणाली. "फॉर्म्यालिटी आहे."

मी हात टॉवेलला पुसले आणि केली. चार ओळी मला पाठ होत्या, वाचायचं काय त्यात?

केतकीने कागद स्कॅन करून पाठवले. पाचला आठ मिनिटं कमी असताना पोचल्याचं उत्तर आलं. टाळ्या वाजल्या. मग मी चौदावा फॉर्म फाइलला लावायला घेतला, आणि तेव्हा खालची पाचवी ओळ दिसली. ताईच्या वळणदार अक्षरात होती. 'बांधावरच्या झाडाचे दोनशे बारा आंबे मी दरसाल ताईकडे नंदिनीला नेऊन देईन, मोजून.' त्याखाली माझी सही, तारखेसह. साक्षीदार म्हणून पांडेजी.

तेरा कागद मी तपासले होते. चौदावा तपासला नाही.

महोत्सवात सिनेमाला काही मिळालं नाही, पण आठव्या मिनिटाला लोक खूप हसले असं केतकी म्हणते. यंदा जूनमध्ये मी आंबे उतरवले. गावरान, चोखायचे, लहान. बरोबर दोनशे बारा मोजले, दोन टोपल्या भरल्या, तुमसर रोड स्टेशनला गाडीत बसलो. नंदिनीला ताईने व्हरांड्यात चादर पसरली आणि माझ्यादेखत एकेक मोजून मांडला. दोनशे पाच भरले. सात एका टोपलीच्या कडेला चेंगरले होते.

चौकशी चालू आहे. टोपल्या गाडीत माझ्याच पायाशी होत्या, एवढं मी अजून कोणाला सांगितलेलं नाही.